गंज आधी ओळखावा, मग खरवडावा

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी आगगाडी सचीन स्थानक मागे टाकून उधन्याला पोहोचण्यापूर्वी भेस्तान नावाच्या स्थानकावरून जाते. एके काळचे हे गाव आता सुरत महानगराचाच एक भाग झाले आहे. भोवताली कापड विणण्याचे व रंगवण्याचे कारखाने, त्यांच्या आधाराने वाढलेल्या वसाहती, आणि या वसाहतींत जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून येऊन स्थिरावलेली असंख्य मराठी कुटुंबे असा हा परिसर आहे. उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातून खानदेशाला सुरतेशी जोडतो. त्या वाटेनेच यांतील पुष्कळ जण इकडे आले. कोणी यंत्रमागावर काम करतो, कोणी कापडाचे तागे वाहणारा टेंपो चालवतो, तर कोणी भाड्याची मोटार. ज्याच्या घरची चूल टेंपोच्या कमाईवर पेटते, त्याला एंजिनाची प्रकृती घरातल्या माणसाच्या प्रकृतीइतकीच महत्त्वाची वाटली तर नवल नाही.

या परिसरात लोखंडाला शत्रू पुष्कळ आहेत. अरबी समुद्र जवळ असल्याने वाऱ्याबरोबर क्षाराचे सूक्ष्म कण येतात. पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. सखल भागांत खाड्यांचे पाणी चढते आणि रस्त्यावर उभी असलेली वाहने त्यात सापडतात. जमिनीखालचे पाणी अनेक ठिकाणी खारट लागते, आणि तेच पाणी घाईच्या वेळी रेडिएटरमध्ये ओतले जाते. अशा ठिकाणी वाहनाचे बॉनेट उघडले आणि कोठेच गंज दिसला नाही, असे क्वचितच घडते.

गंज दिसला की तारेचा ब्रश हाती घेण्याची घाई सर्वांनाच होते. पृष्ठभाग चकचकीत झाला की काम झाल्यासारखे वाटते. परंतु गंज हे लक्षण आहे, रोग त्याच्या मागे असतो. रोग तसाच राहिला, तर महिन्याभरात गंज पुन्हा येतो आणि दरम्यान घासण्याने चांगला धातूही झिजून गेलेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही अवस्था होय. म्हणून एंजिनाच्या बाबतीत निदान आधी आणि सफाई नंतर, हा क्रम मोडणे परवडत नाही.

धातू का गंजतात?

खाणीतून निघणारे लोखंड शुद्ध नसते. ते प्राणवायूशी संयोग पावलेले, तांबड्या मातीसारखे असते. भट्टीत प्रचंड उष्णता खर्चून माणूस त्याला प्राणवायूपासून वेगळे करतो. संधी मिळताच लोखंड पुन्हा मूळ अवस्थेकडे वळते. या परतीच्या प्रवासाला दोन सोबती लागतात, पाणी आणि हवा. कोरड्या हवेत लोखंड दीर्घकाळ टिकते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली, की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. त्यात मिठाचा अंश असला तर तो स्वतःच ओलावा ओढून घेतो, आणि वरून कोरडा दिसणारा पृष्ठभागही प्रत्यक्षात पाण्याच्या अदृश्य पापुद्र्याखाली असतो.

या पापुद्र्याखाली जे घडते ते एखाद्या चिमुकल्या बॅटरीसारखे असते. एका ठिकाणी लोखंडाचे कण विरघळू लागतात, आणि त्यांतून सुटलेले विद्युत्कण धातूतूनच शेजारच्या जागी जाऊन तेथील पाणी व प्राणवायू यांना मिळतात. दोन्ही ठिकाणची द्रव्ये पाण्यात एकत्र आली, की तांबूस गंज तयार होतो. हा गंज सच्छिद्र असतो. तो खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट ओलावा धरून ठेवतो. शिवाय तो मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणूनच गंजलेला बोल्ट आपल्या छिद्रात घट्ट अडकून बसतो.

ॲल्युमिनियमची रीत वेगळी आहे. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ परंतु चिवट थर हवेत आपोआप तयार होतो आणि तोच त्याचे चिलखत बनतो. मात्र हे चिलखत तीव्र आम्लात टिकत नाही आणि तीव्र अल्कलीतही टिकत नाही. मिठाचे पाणी त्याला जागोजागी भोके पाडते. तेथे पांढरी भुकटी जमते आणि भुकटीखाली खोल खळगे पडतात.

दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले आणि दोहोंना एकाच पाण्याने भिजवले, तर त्यांतील एकाचा बळी ठरलेला असतो. हे माणसाला समुद्राने शिकवले. इंग्रजांच्या आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले होते, आणि त्यासाठी लोखंडी खिळे वापरले होते. १७६३ मध्ये तिची तपासणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी खिळे खाऊन गेलेले आणि पत्रे सुटलेले आढळले. परंतु जेथे तांबे आणि खिळा यांच्या मध्ये आवेष्टनाचा कागद तसाच राहिला होता, तेथील खिळे शाबूत होते. पुढे १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने या गोष्टीचा उलट उपयोग करून दाखवला. तांब्याला लोखंड वा जस्त जोडले तर ते स्वतः झिजते आणि तांब्याचे रक्षण करते.

मोटारीचे एंजिन हे या दृष्टीने त्या नौकेचेच भावंड आहे. ब्लॉक पुष्कळदा बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचे, काही जोड पितळेचे, आणि या सर्वांमधून एकच पाणी खेळते. अशा पाण्यात धातूंना सांभाळून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात, तोवर सर्व सुरळीत चालते. ती संपली, की सर्वांत दुबळ्या धातूवर पाळी येते.

रंग काय सांगतो?

निदानाचा पहिला प्रश्न रंगाचा. तांबूस-तपकिरी रंग म्हणजे लोखंड वा पोलाद गंजले, आणि तेथे पाणी व हवा दोन्ही मुबलक होती. काळसर, दाट थर म्हणजे लोखंडाचेच दुसरे ऑक्साइड, ते प्राणवायू कमी असलेल्या जागी तयार होते. पांढरी, खडूसारखी भुकटी ॲल्युमिनियमची असते. हिरवट वा निळसर थर तांबे किंवा पितळ यांचा. बॅटरीच्या टोकांवर जमणारा पांढरा-निळा फुलोरा हा गंधकाच्या आम्लाचा प्रताप होय. त्यातील पांढरा भाग शिशाचा आणि निळा भाग तांब्याचा असतो.

रंगानंतर खोली पाहावी. तेल लावलेल्या फडक्याने पुसताच जो डाग निघून जातो, तो नुसता पृष्ठभागावरचा. नख फिरवल्यावर जेथे अडखळते, तेथे धातू खाल्ला गेला आहे. टोच्याने हलकेच दाबल्यावर पापुद्रे सुटत असतील, तर तो भाग आतून पोखरला आहे असे समजावे. पहिल्या प्रकारात सफाई पुरते, दुसऱ्यात मोजमाप करावे लागते, आणि तिसऱ्यात नवा भाग बसवण्यावाचून गत्यंतर नसते.

जागेवरून निदान

दुसरा प्रश्न जागेचा. बाहेरच्या ब्रॅकेटवर किंवा बोल्टच्या डोक्यांवर गंज असेल, तर त्याचे कारण बहुधा हवा आणि चिखल एवढेच असते. तो कुरूप दिसतो, पण एंजिनाचा जीव घेत नाही. याउलट बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या एंजिनाच्या आत पाण्याच्या वाटा गंजाने बुजलेल्या असू शकतात.

बॅटरीवरचा फुलोरा दिसला, तर आधी बॅटरी गळते का, किंवा चार्जिंगचा दाब अधिक होऊन आम्लाचे तुषार बाहेर येतात का, हे पाहावे. एंजिन सुरू करताना बॅटरीचे टोक आणि त्यावरील पकड यांच्या मध्ये व्होल्टमापक लावावा. तेथे काटा जवळजवळ शून्यावर राहिला पाहिजे. दोन दशांश व्होल्टापेक्षा अधिक फरक पडत असेल, तर वरून स्वच्छ दिसणाऱ्या जोडाच्या आतही गंज आहे. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन काही साधत नाही.

रेडिएटरची तपासणी एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर उकळते पाणी उडते आणि माणूस गंभीर भाजतो. थंड असताना झाकण काढून आतील द्रव पाहावा. तो हिरवा, गुलाबी किंवा निळा अशा मूळ रंगाचा न राहता विटकरी झाला असेल, तर बिडाचा ब्लॉक गंजत आहे. बाजारात मिळणाऱ्या कागदी पट्टीने त्याचा सामू पाहता येतो. जातीनुसार चांगल्या द्रवाचा सामू साधारण साडेसात ते अकरा यांच्या दरम्यान असतो. सातच्या खाली गेला, तर द्रव आम्लधर्मी होऊन स्वतःच धातू खाऊ लागला आहे.

आणखी एक साधी परीक्षा आहे. व्होल्टमापकाची ऋण तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी आणि धन तार, धातूला न टेकवता, रेडिएटरमधील द्रवात बुडवावी. दशांश-दोन दशांश व्होल्ट दिसले तर चिंता नाही. अर्ध्या व्होल्टाकडे आकडा जात असेल, तर द्रवाची शक्ती संपली आहे. दिवे आणि पंखा चालू करताच आकडा एकदम वाढला, तर कोठेतरी अर्थिंगची तार सुटली वा गंजली आहे आणि विजेचा प्रवाह परतीसाठी पाण्याचा मार्ग घेत आहे. अशा वाहनात कितीही रेडिएटर बदलले तरी ते टिकत नाहीत. दोष तारेच्या एका जोडात असतो आणि खर्च भलत्याच ठिकाणी होतो.

डिझेलच्या मोठ्या एंजिनांत याहून फसवा प्रकार आढळतो. सिलिंडरची बाही पाण्याने वेढलेली असेल, तर प्रत्येक स्फोटाबरोबर ती सूक्ष्मपणे थरथरते. त्या थरथरीने पाण्यात बुडबुडे निर्माण होतात आणि धातूलगत फुटतात. लाखो वेळा असे घडल्यावर बाहीच्या बाहेरील अंगावर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात आणि अखेर ती आरपार जातात. येथे गंजाचा तांबूस रंग फारसा दिसतही नाही. योग्य द्रव्ये असलेला कूलंट वेळेवर बदलणे हाच यावरचा उपाय आहे.

तेलाच्या बाजूचे निदान डिपस्टिकवरून होते. तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. मात्र येथेही घाई नको. तेल ओतण्याच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल आणि डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल, तर बहुधा गॅस्केट फुटलेले नसते. वाहन फार थोड्या अंतराच्या फेऱ्या करते, एवढाच त्याचा अर्थ. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. एंजिन पुरेसे तापले तर ही वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. ते तापण्यापूर्वीच बंद केले, तर तिचा काही अंश आतच राहतो. सकाळ-संध्याकाळ फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणाऱ्या मोटारीचा सायलेन्सर लवकर सडतो, त्याचे कारण हेच.

पेट्रोलच्या टाकीकडेही आता अधिक लक्ष द्यावे लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. नित्य चालणाऱ्या वाहनात त्याचा त्रास सहसा जाणवत नाही. परंतु दमट हवेत महिनोन् महिने उभ्या असलेल्या जुन्या वाहनाच्या टाकीत पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होऊ शकतात आणि तेथून गंज कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतो.

पुरात बुडालेले एंजिन

सुरतेला पूर नवा नाही. १९६८ मध्ये तापीने शहरात हाहाकार उडवला होता. त्यानंतर १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले. तरीही ऑगस्ट २००६ मध्ये, ७ तारखेपासूनच्या दोन-तीन दिवसांत, धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. घरांबरोबर वाहनेही बुडाली. पाणी ओसरल्यावर प्रत्येक मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो किल्ली फिरवून पाहण्याचा. ‘सुरू तर होते का पाहू’ एवढीच त्यामागची साधी इच्छा असते. पुरातून वाचलेली पुष्कळ एंजिने या एका क्षणात मरतात.

त्याचे कारण सोपे आहे. पिस्टन वर येताना हवेला दाबतो, कारण हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचले असताना स्टार्टरने एंजिन फिरवले, तर पिस्टन मध्येच अडतो आणि त्याखालचा कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी एंजिन त्याच क्षणी बंद पडते. कधी ते सुरू होते, मालक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि काही दिवसांनी वाकलेला रॉड भर रस्त्यात तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. बुडालेले एंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले असे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून किल्लीला हात न लावता प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. पाणी कोठवर चढले होते याची खूण गाडीच्या आत चिखलाच्या रेषेवरून मिळते. एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला किंवा चिखलाने माखलेला असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी गेले आहे असेच धरून चालावे. तळाचा बोल्ट हळूच सैल केल्यास तेलाच्या आधी पाणी बाहेर येते, कारण ते तेलापेक्षा जड असल्याने खाली बसलेले असते. त्यानंतर स्पार्क प्लग किंवा डिझेलचे इंजेक्टर काढावेत आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून एंजिन हातानेच हळूहळू फिरवावे. छिद्रांतून पाणी उडून गेले, की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे. ओल्या सिलिंडरच्या भिंतीवर काही तासांतच तांबूस झाक येऊ लागते, आणि आठवड्याभरात पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटून बसतात. गॅरेजमध्ये नंबर लागेपर्यंत आठ दिवस जाणार असतील, तर निदान एवढे काम पहिल्याच दिवशी उरकून घ्यावे.

पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नसते. त्यात रेती, सांडपाणी आणि क्षार असतात. म्हणून उघडलेले भाग कोरड्या फडक्याने पुसू नयेत. रेतीचे कण गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पाडतात. आधी स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावे, मग दाबाच्या हवेने वाळवावे, आणि लगेच तेलाचा हात द्यावा. एंजिन पुन्हा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पहिले तेल काढून टाकावे आणि काही दिवसांनी ते पुन्हा बदलावे, म्हणजे कोपऱ्यांत राहिलेले पाणी निघून जाते. विजेच्या तारांचे जोड एकेक उघडून वाळवणेही तितकेच आवश्यक आहे. त्यांवरचा हिरवा गंज कित्येक आठवड्यांनंतर डोके वर काढतो.

सफाईची रीत

कारण कळले आणि ते दूर झाले, की सफाईची वेळ येते. सफाईचे द्रव्य धातू पाहून निवडावे. कामाला सुरुवात करताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

बॅटरीसाठी खाण्याचा सोडा आणि पाणी पुरेसे आहे. आधी ऋण आणि मग धन तार सोडावी. सोड्याचे पाणी टोकांवर लावले की फसफस होते, ती थांबली म्हणजे आम्ल संपले. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावे, तारा जोडताना धन आधी आणि ऋण नंतर जोडावी आणि वरून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा.

लोखंडी व बिडाच्या बाहेरील भागांवरचा सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढावा. अडकलेल्या बोल्टवर जोर करण्यापेक्षा झिरपणारे तेल सोडून रात्रभर थांबणे शहाणपणाचे. खोलवर बसलेला गंज लिंबूसत्त्वाच्या, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या, सौम्य द्रावणात निघतो. एक लिटर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम हे प्रमाण पुरते. भाग काही तास बुडवून मधून मधून पाहत राहावे. गंज गेल्यावरही भाग आत ठेवला तर आम्ल चांगल्या धातूला लागते. बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात बुचकळावा, धुवावा, ताबडतोब वाळवावा आणि तेल लावावे. उघडे पडलेले स्वच्छ लोखंड दमट हवेत पाहता पाहता पुन्हा तांबूस होते.

वेडावाकडा भाग असेल तर विजेचा उपाय उपयोगी पडतो. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन त्यात गंजलेला भाग टांगावा आणि त्याला बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार जोडावी. धन तार भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला लावावी. भाग व पट्टी एकमेकांस टेकता कामा नयेत. काही तासांत गंज सैल होऊन निघतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. स्टेनलेस स्टीलची पट्टी मात्र कदापि वापरू नये, कारण तिच्यातील क्रोमियमपासून विषारी द्रव्य तयार होते. या क्रियेत निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. म्हणून हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावे, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा.

ॲल्युमिनियमला यांपैकी सोड्याचे वा विजेचे उपाय चालत नाहीत. कॉस्टिक सोडा तर त्याला अक्षरशः विरघळवतो. पोलादी ब्रशानेही त्यावर ओरखडे पडतात आणि लोखंडाचे कण रुतून नव्या गंजाची बीजे पेरली जातात. साबणाचे कोमट पाणी, प्लास्टिकची खरवडणी, फार तर मऊ पितळी ब्रश, एवढ्यावर भागवावे. हेडचा जो पृष्ठभाग गॅस्केटवर बसतो, त्यावर खरखरीत चकती मुळीच फिरवू नये. सरळ पट्टी आणि फीलर गेज यांनी त्याची सपाटी मोजावी. उत्पादकाने दिलेली मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते, आणि हाताने घासून ती सांभाळणे अशक्य आहे.

काही ठिकाणी घासणेच वर्ज्य होय. क्रँकचे गुळगुळीत भाग आणि बेअरिंग यांच्या मध्ये केसाच्या जाडीएवढीच फट असते. तेथे काचकागद फिरवला की तेलाचा दाब उतरतो. खळगे पडलेला क्रँक यंत्रशाळेतच दुरुस्त व्हावा. व्हॉल्व्हच्या कडक पोलादी स्प्रिंगा आम्लात बुडवू नयेत. आम्लातून सुटणारा हायड्रोजन त्यांत शिरून त्या ठिसूळ होतात आणि चालत्या एंजिनात तुटतात. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल गॅरेजात आणूच नये. त्याच्या वाफा झाकून ठेवलेल्या अवजारांनाही गंजवतात.

बाहेरील पत्र्यावर जो गंज पूर्णपणे काढता येत नाही, त्याच्यासाठी गंज-रूपांतरक मिळतात. त्यांतील टॅनिक आम्ल गंजाशी मिळून निळसर-काळा स्थिर थर तयार करते. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करणाऱ्या पूर्वजांना हाच रासायनिक संयोग ठाऊक होता. हा थर रंगाखाली चांगला टिकतो. परंतु जेथे धातू धातूवर फिरतो अशा जागी तो उपयोगाचा नाही.

पाण्याच्या वाटा धुताना एक सावधगिरी हवी. जुन्या रेडिएटरमधील गंज कधी कधी बारीक भोके बुजवून बसलेला असतो, आणि धुतल्यावर गळती उघडी पडते. सुटलेल्या खपल्या बारीक नळ्यांत अडकतात. म्हणून लांबच्या फेरीच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये. चार दिवस हाताशी असताना काढावे.

पुन्हा येऊ नये म्हणून

गंज टाळण्याचा खर्च थोडा आहे. कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या जातीचाच घ्यावा, त्यात बोअरिंगचे पाणी न मिसळता शुद्ध केलेले, क्षारविरहित पाणी मिसळावे आणि ठरलेल्या मुदतीत तो बदलावा. वाटेत निरुपायाने साधे पाणी ओतलेच, तर परतल्यावर सारा द्रव काढून नवा भरावा. तेल बदलण्याची मुदत टाळू नये, कारण जुने तेल ज्वलनातून आलेल्या आम्लांना निष्प्रभ करू शकत नाही. आठवड्यातून एकदा तरी वाहन इतके चालवावे, की एंजिन पुरते तापून आतील ओलावा निघून जाईल. पावसाळ्यापूर्वी अर्थिंगचे जोड उघडून स्वच्छ करावेत. खारट चिखल लागला असेल तर तळ गोड्या पाण्याने धुवावा.

यासाठी मोठे यंत्र लागत नाही. सामूच्या पट्ट्या, साधा व्होल्टमापक, टोच्या आणि टॉर्च एवढ्या सामग्रीवर भेस्तानच्या गल्लीतील मिस्त्रीही निदान करू शकतो आणि कित्येक जण ते उत्तम रीतीने करतातच. अशा मिस्त्रीकडे वाहन नेणाऱ्या मालकाने गंज काढण्याचे किती घेणार, असे विचारण्यापूर्वी गंज कशामुळे आला, हे विचारावे. जो मिस्त्री उत्तर देण्याआधी बॉनेट उघडून पाण्याचा रंग पाहतो आणि तारेचा जोड हलवून बघतो, त्याच्या हाती एंजिन सोपवण्यास हरकत नाही.